खांदा अडकला तर? बाळंतपणाची रंगीत तालीम

बाळाचं डोकं बाहेर आलं आहे आणि पुढचं काहीच येत नाही. पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या हाडामागे अडकला आहे. याला ‘शोल्डर डिस्टोशिया’ म्हणतात. शंभर बाळंतपणांत फार तर एखाद्या वेळी हे घडतं, पण घडलं की हातात काही मिनिटंच असतात.

अशा वेळी तुम्ही काय कराल? ओढाल. कोणीही ओढेल, हात आपोआपच तिकडे जातो. आणि नेमकं तेच चुकीचं. डोकं जोरात ओढलं की मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर ताण येतो आणि बाळाचा हात लुळा पडू शकतो. वरून पोट दाबलं तर खांदा आणखी घट्ट बसतो. योग्य उपाय वरवर पाहता साधा आहे: आईला उताणी झोपवून तिचे गुडघे पोटाकडे घ्यायचे. या स्थितीला ‘मॅक्रॉबर्ट्स’ म्हणतात. तिच्यामुळे कटीच्या हाडांचा कोन बदलतो आणि बऱ्याचदा खांदा मोकळा होतो. नाही झाला तर ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर तळहाताने दाब द्यायचा, मग आतून बाळाला फिरवायचं किंवा मागचा हात आधी बाहेर काढायचा.

हे पुस्तकात वाचून कळतं. अडचण अशी, की खरी वेळ येईल तेव्हा पुस्तक आठवायला फुरसत नसते, आणि इतक्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीचा सराव खऱ्या आईवर करणार तरी कसा?

हा प्रश्न जुना आहे. अठराव्या शतकात आंजेलिक द्यू कूद्रे या फ्रेंच सुईणीने कापड, चामडं आणि भरण वापरून आईचं धड आणि बाळाची बाहुली शिवली. 1759 मध्ये राजा पंधराव्या लुईने तिला गावोगावी शिकवण्याचा परवाना दिला, आणि पुढची दोन दशकांहून जास्त काळ ती आपलं हे ‘यंत्र’ घेऊन फ्रान्सभर फिरली. शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे बाहुलीवर हात बसवणं हाच त्यांचा धडा होता. त्यातलं एक यंत्र आजही रूआँ शहरातल्या संग्रहालयात बघायला मिळतं.

आता इंग्लंडमध्ये या, ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात. तिथे 2000 सालापासून प्रसूती विभागातल्या सगळ्यांना, म्हणजे मिडवाइफना आणि डॉक्टरांनाही, अशा आणीबाणीची तालीम सक्तीची झाली. तालीम एकट्याने करायची नाही, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. ‘खांदा अडकलाय’ हे कोणी तरी मोठ्याने, स्पष्ट शब्दांत म्हणायचं. कोणी मदत बोलवायची, कोणी वेळ टिपायची, कोणी नवजात बाळाच्या डॉक्टरांना हाक मारायची. नव्या बाहुल्यांमध्ये ओढण्याचा जोर मोजणारी सोयही असते. ‘मी तर हळूच ओढलं’ असं म्हणणाऱ्याला आकडा दिसतो! तालीम संपली की सगळे बसून बोलतात: काय राहिलं, कोणाचं बोलणं कोणाला ऐकूच गेलं नाही. अनुभवी प्रशिक्षकांना विचारा, खरं शिक्षण या गप्पांतच होतं असं ते सांगतील. महागडी बाहुली नसली तरी हा भाग करता येतो. बाहुली असून गप्पा नसतील तर मात्र फारसं काही उरत नाही.

याचा उपयोग झाला का? 2008 मध्ये ब्रिस्टलच्या गटाने आकडे प्रसिद्ध केले. खांदा अडकलेल्या प्रसूतींत मॅक्रॉबर्ट्स स्थिती वापरण्याचं प्रमाण प्रशिक्षणाआधी सुमारे 29 टक्के होतं, ते नंतर 87 टक्के झालं. जन्मावेळी इजा झालेल्या बाळांचं प्रमाण 9.3 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. ही आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांची नाही; त्यामुळे सगळं श्रेय तालमीलाच देताना थोडं जपूनच बोलावं. पण पहिला आकडा पाहा. खांदा अडकणं त्या वर्षांत थांबलं नव्हतं. आधी शेकडा सत्तर वेळा जे केलं जात नव्हतं, ते आता हात करू लागले होते.

तुमच्या किंवा मुलीच्या बाळंतपणाची तारीख जवळ आली असेल, तर पुढच्या भेटीत मिडवाइफला नक्की विचारा: तुमची टीम ही तालीम एकत्र करते का, आणि शेवटची कधी केली?