तराजूला न दिसणारा मेद

तान्ह्या मुलाने बाळसे धरले की घरातील वडीलधारी माणसे समाधान पावतात. प्रौढाचे पोट सुटले, तर त्यास ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून गौरविण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. ज्या देशाने वारंवार दुष्काळ सोसले, तेथे भरलेले अंग हे सुबत्तेचे लक्षण वाटावे, यात नवल नाही. तथापि चरकसंहितेने अतिकृश देहाप्रमाणे अतिस्थूल देहही निंद्य ठरविला आहे, आणि आजचे वैद्यकही स्थूलतेस रोग मानते. हा रोग ओळखावा कसा आणि आपल्याकडे तो नजरेतून का निसटतो, हे या पाठात पाहावयाचे आहे.

स्थूलतेचे माप

मेद हा शरीराचा शिलकी साठा होय. उपासाच्या वा आजाराच्या वेळी तोच उपयोगी पडतो. मात्र हा साठा आरोग्यास बाधक होण्याइतका वाढला, म्हणजे तिला स्थूलता म्हणतात. ती मोजण्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. ही रीत एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे गणिती केटले यांनी सुचविली. दवाखान्यांत या भागाकारास ‘बी. एम. आय.’ म्हणतात, आपण त्यास देहभारांक म्हणू. जागतिक संकेताप्रमाणे तो २५ किंवा अधिक असल्यास वजन जास्त आणि ३० किंवा अधिक असल्यास स्थूलता समजतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी शेकडा २४ स्त्रिया व सुमारे शेकडा २३ पुरुष पंचविशीच्या रेषेवर वा तिच्या पुढे आढळले.

पुण्यातील पुरावा

परंतु तराजू फक्त वजन सांगतो. ते स्नायूंचे की मेदाचे, हे तो सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी हे स्वतःच्या देहावरून दाखविले. दोघांचाही देहभारांक २२.३ इतकाच होता. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजता युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२ भरला. ही तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

हा भेद जन्मापासूनच असू शकतो. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. पुण्याकडील बालकांचे स्नायू व पोटातील इंद्रिये लहान होती. परंतु पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. बालक दिसावयास कृश, पण घडणीने मेदल! म्हणूनच गर्भवतीचे सकस पोषण हेही स्थूलतेविरुद्धचे एक पाऊल ठरते.

पोटातील मेदाचे कार्य

सर्व मेद सारखाच अपायकारक नसतो. त्वचेखालील मेदापेक्षा आतड्यांभोवती व यकृतात साठणारा मेद अधिक घातक असतो. त्यातून सुटणारी मेदाम्ले यकृताकडे जातात आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. मग स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते. पुढे ते थकले की रक्तातील साखर वाढते, आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. रक्तदाब व हृद्रोग यांचा धोकाही त्याचबरोबर वाढतो.

करून पाहा

यासाठी लागते ती शिंप्याची साधी फीत. सरळ उभे राहावे. शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध फीत आडवी धरावी. श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता, माप वाचावे. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक माप हा भारतीयांसाठी धोक्याचा इशारा मानतात. देहभारांकाची मर्यादाही भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली २३ अशी खाली आणली. हे आकडे मुलांना व गर्भवती स्त्रियांना लावू नयेत.

उपाय

एक ग्रॅम तेलातून सुमारे ९, तर एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ उष्मांक मिळतात. पोहे खाण्याच्या मोठ्या चमच्याएवढे तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. तेवढे खर्च करण्यास साधारण दोन किलोमीटर चालावे लागते. यास्तव तळण व साखर आवरावी. डाळी, भाज्या व भरड धान्ये वाढवावीत. रोज घाम येईपर्यंत चालावे. स्नायूंनाही काम द्यावे. अनुवंश, अपुरी झोप व काही औषधे यांमुळेही वजन वाढते. म्हणून स्थूल माणसाची थट्टा करणे जितके अशिष्ट, तितकेच अशास्त्रीय होय. आणि हातपाय बारीक आहेत, एवढ्यावरून कोणीही निश्चिंत राहू नये.

स्वाध्याय

१. उंची १६० सेंटिमीटर व वजन ६० किलोग्रॅम असल्यास देहभारांक किती? जागतिक व भारतीय मर्यादांप्रमाणे त्याचा अर्थ सांगा.
२. समान देहभारांकाच्या दोन व्यक्तींत मेदाचे प्रमाण भिन्न का असू शकते?
३. घरातील प्रौढांच्या कमरेचे माप त्यांच्या संमतीने घ्या व त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगा.