सर्व्हर बंद केला, तरी पोर्ट अडलेला का?

प्रश्न : पायथनमध्ये लिहिलेला माझा सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा चालवला, की ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ अशी एरर येते. मिनिटभराने मात्र काहीही न बदलता तो चालू होतो. संपलेला प्रोग्रॅम पोर्ट अडवून कसा ठेवतो?

उत्तर : पोर्ट अडवते ती ऑपरेटिंग सिस्टीम. टीसीपी जोडणी जी बाजू आधी तोडते, तिला काही काळ ‘टाइम वेट’ या अवस्थेत राहावं लागतं. शेवटची पोच वाटेत हरवली तर पुन्हा पाठवता यावी आणि जुन्या जोडणीचं रेंगाळलेलं पॅकेट नव्या जोडणीत शिरू नये, म्हणून ही सोय. १९८१च्या टीसीपी मानकात हा काळ चार मिनिटांचा होता, लिनक्समध्ये तो ६० सेकंदांचा आहे. क्लायंट जोडलेले असताना सर्व्हर बंद केलात, म्हणजे जोडणी आधी तुम्ही तोडलीत.

उपाय एका ओळीचा आहे. सॉकेटवर ‘रीयूज अ‍ॅड्रेस’ हा पर्याय चालू करा, पण बाइंड करण्याआधी. नंतर उपयोग नाही. लिनक्सवर दुसरा प्रोग्रॅम खरोखरच त्या पोर्टवर ऐकत असेल, तर तरीही एरर येईल, आणि ती यायलाच हवी. विंडोजवर मात्र याच पर्यायामुळे वापरात असलेला पोर्टही दुसऱ्याला घेता येतो, म्हणून तिथे तो लावू नका.

मला खरी काळजी वाटते ती बाइंडची प्रत्येक एरर पकडून नुसतं ‘पुन्हा प्रयत्न’ करणाऱ्या कोडची. पायथन इथे ओएसएरर देतो, त्यातला नंबर वाचा. लिनक्सवर ९८ म्हणजे पोर्ट व्यापलेला. १३ म्हणजे परवानगी नाही. १०२४च्या खालचे पोर्ट साध्या युजरला सहसा मिळत नाहीत. ९९ म्हणजे दिलेला आयपी अ‍ॅड्रेस या मशीनचा नाहीच. ९८ला थोडं थांबून पाहण्यात अर्थ आहे. १३ आली, तर तासभर थांबूनही परवानगी मिळणार नाही. कोडमध्ये मात्र हे आकडे लिहू नका, एररनो मॉड्यूलमधली नावं वापरा, कारण मॅकवर ९८च्या जागी ४८ येतो.

एवढं करूनही ९८ येत राहिली, तर जुना सर्व्हर तपासा. कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-झेड दाबलं गेलं, तर प्रोग्रॅम संपत नाही, नुसता थांबतो, आणि पोर्ट त्याच्याकडेच राहतो.