सवलतींची स्पर्धा आणि सीमेवरील तालुके

नागपूर-छिंदवाडा मार्गावर सावनेर तालुका मागे पडला की मध्य प्रदेशातील सौंसरचा प्रदेश सुरू होतो. माती तीच, संत्र्याच्या बागा त्याच आणि बाजारात कानी पडणारी मराठीही तीच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नागपूर व छिंदवाडा हे एकाच राज्याचे जिल्हे होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मधून राज्याची सीमा गेली. त्यामुळे आज सौंसरजवळील बोरगावात कारखाना काढणाऱ्यास एका राज्याचे नियम लागू होतात, तर हिंगणा वा बुटीबोरी येथे काढणाऱ्यास दुसऱ्या राज्याचे. नागपूरची बाजारपेठ मात्र दोघांनाही जवळचीच आहे. अशा ठिकाणी कारखान्याची जागा निश्चित होताना शासकीय सवलतींना विशेष महत्त्व येते.

प्रोत्साहनाचा मूळ हेतू

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू करण्यात आली. मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यात एकवटलेले उद्योग मागास भागांकडे वळावेत, हा तिचा हेतू होता. त्यासाठी तालुक्यांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ व ‘ड+’ अशी वर्गवारी करण्यात आली. तालुका जितका मागास, तितकी सवलत अधिक, हे तिचे सूत्र होय. अर्थात, स्पर्धा केवळ राज्याराज्यांत नसते. दोन शेजारी तालुके वेगवेगळ्या वर्गांत असतील, तर त्यांच्यातही ती निर्माण होते.

विक्रीकराचे युग

पूर्वी सवलतींचा मुख्य आधार विक्रीकर हा होता. ग्राहकाकडून वसूल झालेला कर कारखान्याने काही वर्षे स्वतःकडे ठेवावा व पुढे हप्त्यांनी भरावा, अशी मुभा असे. शासनाचे ते बिनव्याजी कर्जच होय. एका राज्याने मुदत वाढविली की शेजाऱ्यालाही ती वाढवावी लागे. या चढाओढीत सर्वांचीच तिजोरी रिती होऊ लागली. तेव्हा नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती देऊ नयेत, असे राज्यांनी एकत्रितपणे ठरविले व १ जानेवारी २००० पासून हा निर्णय अंमलात आणावयाचा होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि चित्र आणखी बदलले. हा कर माल जेथे तयार होतो त्या राज्याला मिळत नाही; जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. बोरगावात तयार झालेला माल नागपुरात विकला गेल्यास राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राला मिळतो. साहजिकच स्पर्धेचा भर भांडवली अनुदान, जमीन आणि वीज यांकडे वळला. विजेचा प्रश्न विदर्भाला विशेष जाचक होता. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथे वीज निर्माण होत असूनही येथील पोलाद उद्योगाला छत्तीसगडमधील स्वस्त विजेशी टक्कर द्यावी लागे. म्हणून २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत देण्यात आली.

परदेशातील एक धडा

अमेरिकेतील कॅन्सस सिटी या महानगराच्या मधून कॅन्सस व मिसुरी या राज्यांची सीमा जाते. सवलतींच्या मोहाने कंपन्या अवघ्या काही मैलांवर, सीमेपलीकडे बिऱ्हाड हलवीत. कामगार बहुधा तेच राहत. नवा रोजगार फारसा निर्माण होत नसे. महसूल मात्र बुडे. अखेर २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी या महानगर क्षेत्रापुरती अशी ओढाओढ थांबविण्याचे मान्य केले.

पंचायतीने काय पाहावे?

सवलत हाही सार्वजनिक खर्चच आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. समजा, एका कारखान्याला १० कोटी रुपयांची सवलत मिळाली व त्यात २०० जणांना काम मिळाले, तर प्रत्येक रोजगारासाठी ५ लाख रुपये खर्ची पडले. तो रोजगार किती वर्षे टिकेल, हा पुढचा प्रश्न.

प्रोत्साहन योजनेत ८० टक्के स्थानिकांना रोजगार देण्याची अट असते. पण येथे ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी. गावातील तरुणाला तंत्रशिक्षण मिळाले नसेल, तर कारखाना गावात येऊनही काम बाहेरच्याच्या हाती जाते. त्याचप्रमाणे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ अन्वये करांऐवजी कारखान्याकडून ठोक रक्कम घेण्याचा करार पंचायतीला करता येतो. असा करार करण्यापूर्वी नेहमीच्या आकारणीने किती कर मिळाला असता, याचा हिशेब मांडावा. रस्ते, पाणी व सांडपाणी यांचा भार गावावर कायम राहतो, याचाही विसर पडू नये.

सवलतीची मुदत संपते आणि यंत्रे उचलून नेता येतात. रस्ता, पाणी, खात्रीची वीज आणि कुशल कामगार मात्र तालुक्यातच राहतात. पुढचा उद्योजक त्यांच्याच भरवशावर येत असतो. शेजाऱ्यापेक्षा सवलत किती अधिक दिली, याबरोबरच मागे काय उरले, याचाही हिशेब प्रत्येक तालुक्याने ठेवणे अगत्याचे आहे.