घरी केलेला ब्लूटूथ स्पीकर वाजत नाही, तेव्हा कुठून सुरुवात करायची?



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हल्ली मुलांच्या पिशवीत घरी केलेला ब्लूटूथ स्पीकर हमखास असतो. सामान फारसं महाग नाही. ब्लूटूथचं एक छोटं मॉड्यूल, पीएएम ८४०३ नावाची अ‍ॅम्प्लिफायरची पाटी, दोन स्पीकर आणि जुना मोबाईल चार्जर. नाशिकला महात्मा गांधी रोडला एक चक्कर मारली की काम होतं. व्हिडिओ बघून जोडणीही होते. मग स्विच चालू केला की एक तर काहीच वाजत नाही, नाहीतर गाण्याच्या मागे घूंऽऽ चालू राहतं.

इथे बहुतेक घरांत दुसरं मॉड्यूल आणलं जातं, किंवा दुरुस्तीवाल्याकडून 'नीट करून' आणतात. प्रदर्शनात स्पीकर वाजतो, पण परीक्षकांनी "तो का वाजतो?" असं विचारलं की मूल आपल्याकडे बघतं. माझं मत स्पष्ट आहे. जोडणीत मूल जेवढं शिकतं, त्याच्या कितीतरी पट बिघाड शोधताना शिकतं. तो भाग आपण मुलाच्या हातून काढून घेऊ नये. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो मुलांनी हातांनी काम करत शिकावं म्हणूनच.

मुलाला सगळ्यात आधी सांगायची गोष्ट : सगळं एकदम तपासायचं नाही. वीज येते, ब्लूटूथ गाणं पकडतं, अ‍ॅम्प्लिफायर ते मोठं करतो, स्पीकर हलतो. हे चार टप्पे वहीत काढायला लावा आणि मधूनच तोडा. ब्लूटूथची तार काढून तिथे जुन्या मोबाईलच्या इअरफोनच्या भोकातून तार आणून गाणं द्या. वाजलं, तर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत, दोष अलीकडे आहे. नाही वाजलं, तर पलीकडे. एका प्रश्नात अर्धं काम संपलं.

स्पीकर तपासायला मल्टिमीटर नसला तरी चालतं. स्पीकर सर्किटपासून सोडवा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज आला की कॉइल शाबूत आहे. मल्टिमीटर असेल तर 4 ओहमचा स्पीकर साधारण साडेतीन दाखवतो. "सर, कमी का?" असं मुलं विचारतातच. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, आणि लिहिलेला आकडा बदलत्या प्रवाहासाठी असतो, एवढं उत्तर या वयाला पुरेसं आहे.

आता मुलं हमखास अडकतात ती जागा. दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र करून त्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायच्या, असं त्यांना वाटतं, कारण बल्बच्या सर्किटमध्ये तसंच शिकवलेलं असतं. या पाटीवर तसं चालत नाही. तिच्या प्रत्येक स्पीकरची दोन्ही टोकं 'जिवंत' असतात. एक वर ढकलतं तेव्हा दुसरं खाली ओढतं. खात्री करायची असेल तर 5 व्होल्टवर चालू असताना मीटरची काळी तार ऋण टोकाला लावा आणि लाल तार स्पीकरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने. दोन्हीकडे साधारण अडीच व्होल्ट दिसतात, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये मोजलं तर जवळजवळ शून्य! म्हणून प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतःच्या दोन तारा. पाटी 5.5 व्होल्टपर्यंतच चालते, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावू देऊ नका.

आवाज वाढवला की स्पीकर बंद पडतो आणि ब्लूटूथ पुन्हा 'कनेक्टेड' म्हणतं? तर चार्जरवर लिहिलेलं वाचायला सांगा. दोन्हीकडे 3-3 वॉट काढायचे म्हणजे सव्वा अँपिअरच्या पुढे प्रवाह लागतो. 500 मिलिअँपिअरचा चार्जर तिथे दमतो, व्होल्ट खाली येतात आणि ब्लूटूथ झोपून पुन्हा उठतं. चार्जर बदला. पाटीजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर आणखी बरं, फक्त त्याची पट्टी असलेली बाजू ऋण टोकाला.

घूं आणि चुरचुर हा सगळ्यात चिवट त्रास. वेगळ्या पॉवरबँकेवरून फक्त ब्लूटूथ मॉड्यूल चालवून बघा. आवाज गेला, तर मॉड्यूल खराब नव्हतं. दोघं एकाच तारेतून वीज घेत होते आणि ब्लूटूथची गडबड त्या वाटेने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरत होती. बी ०५०५ एस नावाचा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर मध्ये टाकला की एकाच चार्जरवर काम भागतं.

काहीच सापडलं नाही तर डाग बघा. चांगला डाग चकचकीत आणि डोंगराच्या उतारासारखा असतो. मळकट गोळा दिसला की तो पुन्हा गरम करायचा. सोल्डर गन मात्र मोठ्या माणसाच्या समोरच. आणि लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल सुरुवातीच्या मुलांना देऊच नका. शॉर्ट झाले तर ते पेटतात. चार्जर किंवा पॉवरबँक पुरे.

वर्गात हे करायचं असेल तर वाजणारा स्पीकर आणा, एक तार गुपचूप सोडवा आणि चौघांच्या गटाला द्या. वहीत तीनच रकाने : काय तपासलं, काय दिसलं, म्हणून काय ठरवलं. प्रदर्शनात स्पीकरशेजारी तीच वही ठेवा.