३.३ लिटरला शेपूट कुठून आलं?

प्रश्न : घरच्या दुधाचा हिशोब ठेवायला मुलीनं पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. सकाळचं १.१ लिटर आणि संध्याकाळचं २.२ लिटर मिळवलं, की उत्तर येतं ३.३००००००००००००००३! संगणकाला एवढी बेरीज जमू नये? (एक वाचक, मंचर)

उत्तर : बेरीज जमते, अडचण मापांची आहे. तुमच्याकडे माळ्यावर जुनी मापं असतील तर काढून बघा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडिशेरी, दोन अडिशेऱ्या म्हणजे पायली. संगणकाचीही मापं अशीच, दुपटीची नि निमपटीची. अर्धा, पाव, अर्धपाव नेमकं भरतं; पण शेराचा दहावा हिस्सा, कितीही बारीक माप घ्या, कधी नेमका भरत नाही. १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ मानकानुसार अपूर्णांकाला ५२ बिट मिळतात, तिथे मोजणी थांबते. म्हणून १.१ आणि २.२ दोन्ही आत किंचित जास्त साठतात आणि बेरीज ३.३ च्या पुढच्या घरात पडते.

मग पायथन नुसतं ३.३ का छापत नाही? कारण ते शेजारच्या घराचं नाव आहे. २००९ च्या ३.१ आवृत्तीपासून पायथन, वाचल्यावर तीच संख्या परत मिळेल असं सर्वांत आखूड रूप छापतं. त्याआधी नुसतं १.१ लिहिलं तरी १.१००००००००००००००१ समोर यायचं! मला हा नियम प्रामाणिक वाटतो. शेपूट लपवणं सोपं होतं.

बिलावर मात्र दोनच दशांश छापायला सांगा. तरी सावध राहा : २.६७५ आत किंचित कमी साठतो, म्हणून दोन दशांशांत २.६८ नव्हे, २.६७ छापला जातो. पैशांशी गाठ असेल तर लिटरऐवजी मिलिलिटर, रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात ठेवा आणि भागाकार शेवटी, छापतानाच करा. लाखांचे स्वल्पविरामही वेगळे सांगावे लागतात. नाहीतर १,२५,००० चे १२५,००० होतात.

पण दोन दशांश सगळीकडे चालत नाहीत. तुमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातले रेडिओ संकेत टिपतात. त्यांची तीव्रता जान्स्कीत मोजतात, आणि एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०⁻²⁶ वॉट. हे आकडे वॉटमध्ये लिहून मुलीचा दुधाचा साचा लावला, तर प्रत्येक दीर्घिकेपुढे ०.०० छापून येईल.