पिवळी पिशवी जाते कुठे?

प्रश्न : मी परळच्या शाळेत आठवीला शिकवते. घातक कचरा गरिबांच्याच वस्तीजवळ का जातो, हे मुलांना कसं समजावू?

उत्तर : बाई, सुरुवात तुमच्या दारातूनच करा. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथली पिवळी पिशवी म्हणजे रक्ताळलेले बोळे, शस्त्रक्रियेतले अवयव. ती जाळण्याचा मुंबईचा कारखाना २००९मध्ये गोवंडीत सुरू झाला. मुलांना नकाशावर पिशवीचा मार्ग रेखू द्या. शेजारीच १९२७चं देवनार डम्पिंग; जानेवारी २०१६मध्ये ते पेटलं, तेव्हा शहरभर धूर पसरला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली.

एखादा मुलगा हमखास विचारेल, "मग लोक तिथे राहायला गेलेच का?" इथे घाई करू नका, सगळा धडा या प्रश्नातच आहे. डम्पिंग आधीचं, हे खरंच. पण १९७०च्या दशकात शहरातून हटवलेल्या झोपडीवासीयांना शिवाजीनगर, बैंगनवाडीत भूखंड आखून दिले ते पालिकेनेच. त्यांनी जागा निवडली नव्हती.

गोवंडीकर गप्प बसले नाहीत, हेही आवर्जून सांगा. ते न्यायालयात गेले. २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कारखाना दोन वर्षांत हलवायला सांगितलं. नवी जागा रायगडच्या खालापूर तालुक्यातली. तिथे कोण राहतं, त्यांना कुणी विचारलं का, हे मुलांनाच शोधू द्या.

डम्पिंगवर सहल मात्र नेऊ नका. कुणाचं घर हे प्रदर्शन नव्हे. त्यापेक्षा गोवंडीतल्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करा.