छोटी मैफल कोण जगवतं?



पं. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज सुरू केला. १९२२ मध्ये बुवा गेले, पण संस्था थांबली नाही. मास्टर कृष्णरावांसारखे शिष्य आणि पुढच्या पिढ्यांनी ती सांभाळली, म्हणून तिने शंभरी ओलांडली. संस्था सुरू एक जण करतो, टिकवतात मात्र अनेक जण. हे मुलांना कसं समजवायचं?

चौथीच्या वर्गात हे गणित घालून बघा. समजा, छोट्या सभागृहात ६० श्रोते आले. तिकीट १०० रुपये, म्हणजे जमा ६,००० रुपये. गायकाचं मानधन, तबला-पेटीची साथ, वीज, चहा मिळून खर्च ९,००० रुपये. तूट किती? ३,००० रुपये.

मुलं म्हणतील, "मोठा हॉल घ्या!" पण मग माइक लागतो आणि तानपुऱ्याचा जवळून ऐकू येणारा नाद हरवतो. आता विचारा, ३० घरांनी तूट वाटून घेतली तर? प्रत्येकी फक्त १०० रुपये!

पैशांशिवायही मदत होते :
१. सतरंज्या घालणं, आवरणं.
२. फळ्यावर कार्यक्रमाची सूचना लिहिणं.
३. वेळेवर येणं, शांत बसून ऐकणं.
४. शेजाऱ्यांना सोबत आणणं.

तुमच्या गावात गायन वर्ग किंवा भजनी मंडळ असेलच. या महिन्यात मुलांना घेऊन एकदा तिथे जा. खर्च कसा भागतो, हे मुलांनाच विचारू द्या.